अ‍ॅग लॅब

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कृषी प्रयोगशाळा. पानावर ओळीने अकरा जणांच्या नावापुढे तेच: अ‍ॅग लॅब, अ‍ॅग लॅब, अ‍ॅग लॅब. एवढ्याशा खेड्यात १८५१ साली एवढी मोठी प्रयोगशाळा कुठून आली, असं मी शेजीबाईंना विचारलं, तर त्या खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर. शेतमजूर. खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, कारकुनाने हात दुखू नये म्हणून केलेलं लघुरूप. असं आखूड लिहायला १८४१ च्या खानेसुमारीतच वरून रीतसर परवानगी होती.

आम्ही चेशमला राहतो. लंडनची मेट्रोपॉलिटन लाइन जिथे संपते ते हे गाव. मागे चिल्टर्नच्या टेकड्या, बीच नावाच्या झाडांची जंगलं. शेजीबाईंचं वय ८१. इथे या वयाच्या बाईलाही नुसत्या नावाने हाक मारायची असते. समोर मी तशी मारते, पण जीभ अडखळते. घरात आईशी बोलताना मात्र त्या शेजीबाईच.

त्या एक छापील कागद घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. १८८१ च्या खानेसुमारीचं पान. त्यात त्यांच्या पणजीची ओळ: वय १९, लग्न नाही, काम स्ट्रॉ प्लेटर, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात 'ईस्ट इंडीज, पूना'. बोट त्या शब्दावर ठेवून म्हणाल्या, "हे तुमच्याकडचंच ना?"

आमच्याकडचंच. पुण्यात जन्मलेली मुलगी बकिंगहॅमशायरच्या एका खेड्यात गव्हाच्या काडाच्या वेण्या विणत का बसली होती, ते शोधायला आम्ही दोघी मागे मागे जात राहिलो आणि १८५१ च्या पानावर पोचलो. पणजीचे वडील तिथे सापडले, १५ वर्षांचा मुलगा, अ‍ॅग लॅब. पण मी त्या पानावर जी अडकले ती अडकलेच. पुढचे कितीतरी रविवार त्यात गेले.

या पानांची एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ३० मार्च १८५१ च्या रात्री घरात जो जो झोपला होता त्याची नोंद करायची होती. तक्ते आधीच घरोघर वाटलेले. सोमवारी गणक ते गोळा करायला आला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं त्यानेच विचारून भरलं आणि मग सगळं एका वहीत उतरवून काढलं. आपल्यापर्यंत आली ती ही वही. म्हणजे माणूस स्वतःबद्दल काय म्हणाला हे आपण वाचत नाही. गणकाने काय ऐकलं, त्याला काय कळलं आणि लिहायला काय सोयीचं वाटलं, ते वाचतो. याच खानेसुमारीत पहिल्यांदा दिसलं की शहरात राहणारे खेड्यातल्यांपेक्षा जास्त झालेत. इतक्या मोठ्या प्रमाणात हे जगात आधी कुठेच झालं नव्हतं. आमच्या पानावर मात्र त्याचा मागमूस नाही. तिथे एक शेतकरी आहे (किती एकर कसतो आणि किती गडी ठेवतो, हे त्याच्याकडून मुद्दाम विचारून घेतलंय), एक लोहार, एक चाकं करणारा सुतार, दोन चांभार, एक बिअर विकणारा. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरल्या की कर भरणाऱ्या कुणालाही स्वतःच्या घरात बिअर विकता यायची, त्यामुळे असे बिअरवाले गावोगाव उगवले होते. एक म्हातारा आहे, गावच्या मदतीवर जगणारा, त्याच्यापुढे लिहिलंय 'पॉपर, पूर्वी अ‍ॅग लॅब'. आणि उरलेलं गाव म्हणजे अ‍ॅग लॅब.

आता हा अ‍ॅग लॅब करायचा काय? 'मजूर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोरं-पाटी येते. इंग्लंडच्या खेड्यात या एका शब्दाखाली नांगरट, पेरणी, विळ्याने कापणी, गंज रचून वरून काडाने शाकारणं, चर खणणं, मेंढ्यांची लोकर कातरणं असं सगळं दडपून ठेवलंय. नुसतं झुडपांचं कुंपण घ्या. हिवाळ्यात, पानं झडल्यावर, उभा बुंधा तळाशी तिरका कापायचा, पण पूर्ण तोडायचा नाही; साल आणि थोडं लाकूड शिल्लक ठेवून तो आडवा लववायचा, मेखांमध्ये गुंतवायचा. वसंतात त्या आडव्या फांदीला उभे कोंब फुटतात आणि कोकरूही घुसणार नाही अशी जिवंत भिंत तयार होते. घाव जास्त खोल गेला तर फांदी मरते, कमी गेला तर वाकताना फाटते. एका रविवारी इथल्या स्वयंसेवकांबरोबर मी हे करून पाहिलं. चार फांद्या मारल्या, पाचवी जगली असं ते म्हणाले. माझं मन राखायला म्हणाले असावेत.

घोडी सांभाळणारा, म्हणजे कार्टर, पहाटे चारला उठायचा. घोड्यांनी खाल्ल्याशिवाय नांगर चालत नाही आणि घोडा खायला वेळ घेतो. मेंढपाळ तर वर्षभर बांधलेला. ही माणसं स्वतःला नुसता मजूर म्हणवून घेत नसत. इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात, मायकेलमसच्या सणाच्या सुमाराला, गड्यांचा बाजार भरायचा. त्याला मॉप म्हणत. कार्टर टोपीला चाबकाच्या दोरीचा तुकडा खोचून उभा राहायचा, मेंढपाळ लोकरीचा झुपका, घरकामाच्या मुली हातात झाडू-पोचारा घेऊन. शेतकरी यायचा, दंड चाचपून पाहायचा, बोलणी व्हायची, आणि एक नाणं हातावर ठेवलं की सौदा पक्का, वर्षभरासाठी. आपल्याकडचं सालदारकीचं बोलणं आठवलं मला; पण आमच्याकडे ते निदान ओसरीवर बसून होई. असं भर चौकात टोपीला धंदा खोचून उभं राहणं मला बघवलं नसतं. तरी एक गोष्ट मात्र खरी, त्या लोकरीच्या झुपक्याने माणूस काय जाणतो ते सांगितलं. खानेसुमारीने तेवढंही सांगितलं नाही.

पगाराचं म्हणाल तर १८५०-५१ मध्ये जेम्स केअर्ड या माणसाने गावोगाव फिरून आकडे जमवले. उत्तरेच्या जिल्ह्यांत आठवड्याला सरासरी ११ शिलिंग ६ पेन्स, दक्षिणेत ८ शिलिंग ५ पेन्स. उत्तरेला गिरण्या आणि कोळशाच्या खाणी होत्या; गडी पळून जाईल या धाकाने शेतकरी जास्त द्यायचा. दक्षिणेत जाणार कुठे?

आणि हिवाळ्यात तेही नसायचं. हिवाळ्याचं हक्काचं काम म्हणजे मळणी. धान्याच्या कोठाराच्या लाकडी जमिनीवर दोघे समोरासमोर उभे राहून झोडपणीने कणसं झोडपायचे: अ‍ॅशच्या लाकडाचा लांब दांडा, त्याला चामड्याच्या किंवा ईल माशाच्या कातडीच्या वादीने अडकवलेला आखूड, जड सोटा. एकाचा सोटा खाली येताना दुसऱ्याचा वर. ताल चुकला तर टाळकं फुटलंच. आपल्याकडे खळ्यावर बैलांची पात धरतात, माणूस मागून चालतो. इथे बैलाच्या जागी माणूसच. कंटाळवाणं, धुळीचं काम, पण नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत चूल पेटती ठेवणारं. तेच काम मळणीयंत्र घेऊन गेलं.

१८३० च्या ऑगस्टमध्ये केंट परगण्यातल्या लोअर हार्ड्रेस गावात पहिलं मळणीयंत्र फुटलं आणि हिवाळा लागेपर्यंत दक्षिण इंग्लंडभर यंत्रं फुटत, गंजी पेटत गेल्या. धमकीच्या पत्रांखाली सही असायची 'कॅप्टन स्विंग'. असा कुणी माणूसच नव्हता. आमच्या इथून जवळ, हाय विकमच्या वाय नदीकाठच्या कागदगिरण्यांतली यंत्रंही २९ नोव्हेंबरला फोडली गेली. सरकारने १९ जणांना फाशी दिलं, जवळजवळ ५०० जणांना बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. किंटबरी गावचा विल्यम विंटरबर्न त्या १९ पैकी; जानेवारी १८३१ मध्ये रीडिंगच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

रीडिंगला आम्ही गेलो होतो ते मात्र दुसऱ्याच कारणाने. तिथल्या विद्यापीठाचं इंग्लिश ग्रामजीवनाचं संग्रहालय आहे, १९५१ साली स्थापलेलं, प्रवेश फुकट. आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. तिला किल्ले-राजवाडे दाखवून झाले होते. आता आणखी एक जुनी वस्तूंची खोली, म्हणून ती कंटाळूनच आत शिरली. आणि गाड्यांच्या दालनात थबकली.

शेतातल्या चारचाकी गाड्या, एकामागे एक लावलेल्या. प्रत्येक परगण्याची घडण वेगळी, कुणाची बाजू होडीसारखी वर वळलेली, कुणाची सरळ पेटीसारखी. चिखल कसा, चढ किती, त्यावर ठरलेली. आई गाड्या बघतच नव्हती. ती एका चाकापुढे वाकली आणि म्हणाली, "तुंबा बघ केवढा."

आईचे वडील सुतार. फलटणकडच्या एका खेड्यात बैलगाडीची चाकं करायचे. तुंबा म्हणजे मधला जाड ठोकळा, त्यातून निघणारे आरे, कडेचे लाकडी पुठ्ठे, वरून लोखंडी धाव: हे शब्द मी लहानपणी ऐकले होते, पण चाक म्हणजे चाक, त्यात काय बघायचं, असंच वाटायचं. आजोबांचं सगळं काम बाभळीत. इथला सुतार एका चाकाला तीन झाडं वापरायचा. तुंबा एल्मचा, कारण एल्मचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. चहूबाजूंनी खाचा पाडल्या तरी चिरत नाही. आरे ओकचे, तेही करवतीने कापलेले नाहीत, धाग्याच्या रेषेने फोडून काढलेले, भार पेलायला. आणि पुठ्ठे अ‍ॅशचे, कारण अ‍ॅश लवचीक, दगडावर आपटलं तरी धक्का पिऊन टाकतं. लाकूड वाळवायचा हिशेब जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. तुंब्याचं लाकूड तर कित्येक वर्षं पडून राहायचं. बापाने रचून ठेवलेलं लाकूड मुलगा कापायचा.

धाव चढवायचा दिवस म्हणजे लोहार आणि सुतार दोघांचा. लोहाराकडे एक हत्यार असतं, त्याला ट्रॅव्हलर म्हणतात: दांड्याला लावलेली लोखंडी चकती. चकतीवर खडूची खूण करायची, ती चाकाच्या कडेवरून फिरवत न्यायची आणि किती फेरे झाले ते मोजायचे. मग तेवढेच फेरे लोखंडी पट्टीवर फिरवायचे, आणि पट्टी त्याहून किंचित आखूड तोडायची. किंचित म्हणजे किती, ते लोहाराच्या डोक्यात. कडं जोडून जाळात लालभडक तापवलं की ते फुगतं. सांडशींनी उचलून चाकावर बसवायचं, घणाने ठोकायचं, पुठ्ठे पेट घेतात न घेतात तोच बादल्या ओतायच्या. वाफेत कुणाला काही दिसत नाही, पण ऐकू येतं: आकसणाऱ्या लोखंडाने चाकाचे सगळे सांधे कडाकड आवळले जातात. आईने हे सगळं बघितलेलं होतं, गोवऱ्यांच्या जाळावर, विहिरीच्या पाण्याने. तिला पाटीवरचं इंग्रजी वाचून दाखवायची गरज पडली नाही. उलट तिनेच मला विचारलं, "हे चाक मध्ये वाटीसारखं खोलगट का ठेवलंय?" घोडा चालताना गाडी दोन्ही बाजूंना झुलते, तो झोका पेलायला, असं मी वाचून सांगितलं. "बैल कुठे एवढे झुलतात," ती म्हणाली. विषय संपला.

इथे बारा बलुतेदार आठवणं साहजिक आहे, आणि तुलना करायचा मोह मलाही झाला. पण ती फार ताणू नये. आजोबांना खळ्यावर धान्य मिळायचं, ठरलेलं, पिढीजात. आणि ते सुतार होते कारण सुताराच्या घरी जन्मले होते. इंग्लंडच्या खेड्यातला सुतार पैशात हिशेब करायचा, वर्षातून एकदा बिल पाठवायचा, आणि गिऱ्हाईकं ते आणखी वर्षभर लांबवायची. त्याचा मुलगा बहुतेक सुतारच व्हायचा, पण शेतकऱ्याचा धाकटा मुलगा त्याच्याकडे करार करून उमेदवारीला, म्हणजे धंदा शिकायला, येऊ शकायचा. १५६३ च्या कायद्याने ही उमेदवारी सात वर्षांची ठरवली होती. ती सक्ती १८१४ साली उठली. शवपेटीही सुतारच करायचा. एल्मचीच, तुंब्याच्याच लाकडाची.

आडनावं मात्र आपल्यासारखीच धंद्यांवरून. स्मिथ लोहार, थॅचर शाकारणारा, हे सगळ्यांना माहीत असतं. मला मजा वाटली ती वॉकरची. वॉकर म्हणजे फिरायला जाणारा नव्हे. विणलेलं लोकरी कापड पाण्यात घालून पायाने तुडवणारा. तोच धंदा आग्नेयेला गेला की फुलर होतो आणि नैर्ऋत्येला टकर. ऑफिसात माझ्या समोर एक टकर आणि एक वॉकर बसतात. त्यांना मी हे सांगितलं. दोघांनाही विशेष काही वाटलं नाही.

चिल्टर्नच्या बीचच्या रानातला खास धंदा म्हणजे खुर्चीचे पाय करणाऱ्या कातारींचा. हाय विकममध्ये विंडसर खुर्च्यांचे कारखाने. त्यांना लागणारे पाय रानातच तयार व्हायचे. झाड पाडायचं, तिथेच खोपट घालायचं, एक लवचीक लांब काठी डोक्यावर आडवी बांधायची. काठीच्या टोकाची दोरी लाकडाला एक वेढा देऊन खाली पायपट्टीला. पाय दाबला की लाकूड स्वतःकडे फिरतं, तेव्हा पटाशी लावायची. पाय सोडला की काठी दोरी ओढून घेते. ओलं लाकूड, लोण्यासारखं कापलं जाणारं. खुर्चीची बैठक मात्र एल्मची, कारखान्यात. तिथला माणूस फळीवर उभा राहून स्वतःच्या दोन पायांच्या मधोमध वाकसाने ती खोलगट करायचा. या कातारींना पुढे बॉजर म्हणू लागले. आजच्या इंग्रजीत 'बॉज' म्हणजे कसंतरी उरकलेलं काम. ते पाय हातात घेऊन बघितल्यावर या शब्दाचा राग येतो.

आता बायका. शेजीबाईंच्या १८५१ च्या पानावर पणजीच्या आजीच्या नावापुढचा रकाना कोरा आहे. १८१३ पासून चर्चच्या बारशाच्या नोंदवहीत छापील तक्ता आला, त्यातही धंद्याचा रकाना एकच, आणि तो बापाचा. आईचं नाव आहे, काम नाही.

काम किती होतं ते सांगते. पीक निघालं की गावच्या बायका-मुलं सरवा वेचायला शेतात शिरायची. (सरवा या शब्दासाठी मला मराठीचा फार अभिमान वाटला, सगळ्या भाषांत एवढा नेमका शब्द असतोच असं नाही.) काही गावांत चर्चची घंटा वाजल्याशिवाय वेचायला सुरुवात करायची नाही, म्हणजे लेकुरवाळीलाही सारखी संधी. कोर्टाने १७८८ मध्ये निकाल दिला होता की सरवा वेचणं हा कुणाचा कायदेशीर हक्क नाही. बायका वेचत राहिल्या. त्यातून कित्येक आठवड्यांचं पीठ निघायचं.

लेस हा या परगण्याचा दुसरा धंदा. मांडीवर काडाने गच्च भरलेली उशी, तिच्यावर टाचण्यांनी ठोकलेला नमुना आणि दोऱ्याला लोंबणाऱ्या हाडाच्या नाहीतर लाकडाच्या डझनावारी बारीक कांड्या. प्रत्येक कांडीच्या टोकाला काचेच्या मण्यांचं कडं, वजनासाठी. अंधार पडला की मधोमध एकच मेणबत्ती लावायची आणि तिच्याभोवती पाणी भरलेले काचेचे गोल चंबू. चंबूतून प्रकाश एका ठिपक्यात गोळा होऊन उशीवर पडतो. एका मेणबत्तीत कितीतरी जणी कोंडाळं करून विणायच्या. शेकोटी जवळ नको, काजळीने लेस काळी पडेल. म्हणून घागऱ्याखाली निखाऱ्यांच्या राखेचं मडकं. जॉन हीथकोट यांनी १८०८-०९ मध्ये जाळी विणायचं यंत्र काढलं आणि हळूहळू हातच्या लेसचे भाव कोसळत गेले.

आणि काडाच्या वेण्या. चेशमपासून लूटनपर्यंतच्या गावांत हेच चालायचं, कारण लूटनला टोप्या व्हायच्या. काड निवडायचं, छोट्या यंत्राने उभं चिरायचं, आणि पाच, सात पेडी वेणी घालत राहायची. माप वीस यार्डांचं. चुलीवरच्या फळीला खाचा पाडलेल्या असत, त्यावर मोजायचं. कोरडी काडी मोडते, म्हणून एक जुडगा कायम तोंडात, ओला राहायला. ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडलेल्या. तीन-चार वर्षांच्या मुलींना 'वेणीच्या शाळेत' बसवत, जिथे शिकवणं नावापुरतं आणि वेणीची लांबी खरी. १८६७ च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायची बंदी झाली. पण नेपोलियनच्या लढायांच्या काळात, जेव्हा परदेशी माल बंद होता, चांगल्या हाताची मुलगी बापापेक्षा जास्त कमवायची. तेव्हा शेतकऱ्यांची तक्रार काय, तर या मुली आता आमच्याकडे कामाला येत नाहीत आणि नटतात फार.

तर हा सगळा कोरा रकाना. १८५१ च्या पानावर १२ वर्षांच्या मुलीपुढे गणकाने 'स्ट्रॉ प्लेटर' लिहिलंय. जिने तिला शिकवलं त्या आईपुढे काहीच नाही. मी हसणार नाही. २०२१ च्या मार्चमध्ये इथली खानेसुमारी झाली तेव्हा लॉकडाऊनमुळे आई आमच्याकडे वर्षभर अडकलेली होती. तक्ता मीच भरला, ऑनलाइन. कधी पगारी काम केलं आहे का? नाही, असं मी टिचकी मारून पुढे गेले. आई पलीकडे मेथी निवडत होती.

इथल्या दुकानांत गवती छपराच्या टुमदार घरांची कॅलेंडरं मिळतात, दारात गुलाब चढलेला. मला ती बघवेनाशी झाली आहेत. १६९७ च्या कायद्याने गावच्या मदतीवर जगणाऱ्या गरिबाला अंगरख्यावर 'पी' अक्षर आणि गावाचं आद्याक्षर शिवून हिंडावं लागायचं. दुसऱ्या गावचा गरीब आपल्या गावाच्या खर्चात पडेल असं वाटलं तर त्याला गाडीत घालून त्याच्या मूळ गावी पाठवत. दिवस गेलेली एकटी बाई असेल तर फारच घाईने. १८३४ नंतर गावोगावची मदत आखडली आणि त्याजागी वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवायचं सरकारी घर, आलं: आत नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. चेशमच्या गरिबांना अ‍ॅमरशमला हलवायला लागले तेव्हा, १८३५ साली, लोकांनी गाडीवर दगडफेक केली होती. अ‍ॅमरशमची वर्कहाउसची इमारत १८३८ ची, आणि तिचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच माणसाने लंडनमध्ये बसून आखला, मुंबईत पाऊल न ठेवता. तो टॉवर बघत मी कॉलेजची वर्षं काढली. पानावरचा तो 'पॉपर, पूर्वी अ‍ॅग लॅब' म्हातारा बहुधा स्कॉटच्या दुसऱ्या इमारतीत गेला असेल. सत्तरीच्या पुढच्यांना आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन मिळू लागली ती १ जानेवारी १९०९ पासून.

पणजीच्या वडिलांनी, १५ वर्षांच्या त्या मुलाने, पुढे लष्कराची वाट धरली, त्यात नवल काही नाही. पगार फार नव्हता, पण बूट होते, रोज मांस होतं. पुण्याच्या छावणीत त्याला मुलगी झाली. नोकरी संपल्यावर बायको-मुलीला घेऊन तो त्याच गावात परतला, आणि पुढच्या पानावर त्याच्या नावापुढे पुन्हा तेच दोन शब्द. पोरगी वेण्या विणायला बसली. तोवर चीनमधून स्वस्त काड-वेण्या यायला लागल्या होत्या. पुढे जपानमधूनही आल्या. तिच्या मुलीने हा धंदा केला नाही, एवढं शेजीबाईंना माहीत होतं.

मागच्या महिन्यात शेजीबाई त्यांचं जुनं बायबल दाखवायला घेऊन आल्या. पानांत खुणेसाठी ठेवलेला वेणीचा तुकडा होता, वीतभर, मधासारखा पिवळा, कडेने ठिसूळ झालेला. पणजीच्या हातचा, असं त्या म्हणाल्या. आईने तो तळहातावर घेतला. माझी शाळेत जाताना पाचपेडी वेणी तीच घालायची, करकचून, डोळे ताणले जाईपर्यंत. ती टोक खिडकीकडे धरून पुटपुटत मोजायला लागली.

"सात पेड आहेत," ती म्हणाली. मग पालथं करून बघितलं. "आणि दर वेळी नवी काडी मागून घातलीय, पुढून जोड दिसत नाही. हिला विचार गं, कोरडं काड असं वळतं कसं? मोडत नाही?"

मी इंग्रजी शब्द जुळवत होते. पण आईची बोटं काडी दुमडल्यासारखी हलली होती, आणि शेजीबाईंनी ते पाहिलं होतं. त्यांनी एक बोट आपल्या ओठांच्या कोपऱ्यावर ठेवलं.